जहाज की मुक्काम

गल्लीतल्या सगळ्यांच्याच त्या वहिनी होत्या. शेजारचा शिंपी त्यांना वहिनी म्हणे, टपालवाला म्हणे, आणि एकदा तर चारचौघांत खुद्द नवऱ्याच्या तोंडून "वहिनी, जरा पाणी देता का" असं निघून गेलं होतं. ते प्रकरण घरात पुढे कितीतरी दिवस चघळलं गेलं. खरं म्हणजे त्या हाकेवर हक्क एकाच माणसाचा होता, चिमीचा. चिमी त्यांची नणंद.

चिमी हे लाडाचं नाव, बारा वर्षांची काडीसारखी पोर असताना पडलेलं. त्याच वर्षी वहिनी लग्न होऊन या घरात आल्या. सासूबाई आधीच गेलेल्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी ती काडी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नव्या नवरीला म्हणाली, "तुला वेण्या घालता येतात का? दादाला येत नाहीत." वहिनींनी कंगवा मागितला. तेव्हापासून दोघींचं जे जमलं ते जमलंच. काडीची पुढे चांगली भरभक्कम बाई झाली, आवाज तर असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. नाव मात्र चिमीच राहिलं. तिने लग्नही एकदा करून पाहिलं. ते टिकलं नाही, ती ट्रंक घेऊन परत वरच्या खोलीत राहायला आली, आणि त्याबद्दल वहिनींनी तिला आजतागायत एक प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी फक्त वरच्या खोलीच्या खिडक्या पुसून ठेवल्या होत्या.

चिमी गाडी शिकवायची. शहरातल्या निम्म्या लोकांना आपण गाडी शिकवली आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्यापासून वाचवलं, असं ती स्वतःच सांगे. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि तो दाबून दाबून तिच्या उजव्या पायाला अशी खोड लागली होती की जेवताना कुणी काही भलतंसलतं बोललं तरी तो पाय टेबलाखाली आपोआप दाबला जाई.

वहिनी डेंटल लॅबमध्ये कामाला होत्या. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे, वहिनी त्यावरून मेणात आणि मग पक्क्या मालात कवळ्या घडवायच्या. एकेका पुढच्या दातासाठी अख्खी सकाळ घालवायच्या, कारण त्यांचं म्हणणं असं की शेजारच्या दाताला तो परका वाटता कामा नये. माणूस हसला की त्या आधी दात बघत, मग माणूस.

आणि या दोघींच्या मधोमध दादा. तळमजल्यावर त्यांचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान. दादांना प्रवासाचं वावडं. "जग बघायचं असलं की मी शटर वर करतो," ते म्हणत. "अर्धं जग किल्ली हरवून माझ्याकडेच येतं."

वहिनी कामावरून निवृत्त होणार हे ठरलं, तेव्हा चिमीने जाहीर केलं की आता बेटं बघायला जायचं. कुठली बेटं हे विचारायची गरजच नव्हती. वर्षानुवर्षं दोघी रात्रीच्या जेवणानंतर टीव्हीसमोर एकाच सोफ्यावर बसून प्राण्यांचे कार्यक्रम बघत आल्या होत्या, आणि त्यातली ती दूरच्या समुद्रातली बेटं त्यांच्या मनात घर करून बसली होती. तिथले प्राणी म्हणे माणसाला घाबरत नाहीत. सील येऊन शेजारी झोपतात. घोरपडीएवढे सरडे वाटेत आडवे पडलेले असतात, त्यांच्या बाजूने जावं लागतं. वहिनींचा जीव मात्र अडकला होता अल्बट्रॉसमध्ये. एवढा थोरला पक्षी, महिनोन् महिने समुद्रावर एकटा फिरतो, आणि मग नेमका त्याच बेटावर, त्याच जोडीदाराकडे परत येतो. आणि आला की दोघं नाचतात.

ट्रॅव्हल एजंटबाईंचं ऑफिस चौकातल्या औषधाच्या दुकानावर होतं. टेबलाच्या काचेखाली नकाशा, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, आणि पंखा इतका जोरात की कागदांवर दगड ठेवलेले. एजंटबाईंनी नकाशावर बोट ठेवलं.

"दोन मार्ग आहेत. एक, छोटं जहाज. त्यातच राहायचं, त्यातच जेवायचं. झोपेत ते तुम्हाला पुढच्या बेटाला नेतं. दुसरा, वस्तीच्या बेटावर खोली घ्यायची आणि तिथून जमेल तेवढं फिरायचं. रोजच्या होड्या असतात जवळच्या बेटांना."

"अल्बट्रॉस?" वहिनींनी विचारलं.

"तो पार टोकाच्या बेटावर. तिथे वस्ती नाही. जहाजच जातं."

"आणि सील?" चिमीने विचारलं. "कासवं?"

"ती वस्तीच्या बेटावरच. सील तर धक्क्यावरच्या बाकांवर झोपलेले असतात, माणसांना बसायला जागा नसते." बाईंनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "जहाजाने गेलात तर जास्त ठिकाणं दिसतील. एका जागी राहिलात तर जास्त वेळ दिसेल. दोन्ही चांगलंच आहे. भांडून ठरवा, पण घरी जाऊन भांडा. मागच्या आठवड्यात एका जोडप्याने माझं झाड पाडलं."

दोघींनी घरापर्यंतही धीर धरला नाही. औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांवरच सुरुवात झाली.

"मी आयुष्यभर एका स्टुलावर बसलेय, चिमे," वहिनी म्हणाल्या. "समोर भिंत, हातात दुसऱ्याचे दात. आता मला कुणीतरी न्यावं. एका बेटापाशी झोपावं आणि दुसऱ्यापाशी उठावं, बॅगसुद्धा भरायला लागू नये."

"आणि मी आयुष्यभर हलत्या सीटवर बसलेय," चिमी म्हणाली. "शेजारी कुणीतरी गाडी खांबावर घालायला टपलेलं. मला न हलणारी खुर्ची पाहिजे. तिच्यावर बसून एकच सील बघेन, पण शांतपणे बघेन."

"सील बघायला इतक्या लांब जायचं आणि खुर्चीत बसायचं?"

"आणि तुला बोट लागली तर? तळ्यात पायडलची बोट चालवताना तुझं तोंड एवढंएवढं झालं होतं."

"ते तू चालवत होतीस म्हणून."

पुढचे काही दिवस घरात शीतयुद्ध चाललं. चिमीने खवळलेल्या समुद्राचा फोटो कापून फ्रिजच्या आत, दुधाच्या पातेल्याशेजारी चिकटवला. वहिनींनी अल्बट्रॉसचं चित्र चिमीच्या गाडीत, समोरच्या आरशाखाली लटकवलं. शिकायला येणारे लोक विचारू लागले, की हा कुठल्या रहदारीचा इशारा. दादांना दोघींनीही पंच व्हायला सांगून पाहिलं. ते बिचारे जेवण आटोपून दुकानात पळत. बायको आणि बहीण यांच्यामध्ये तोंड घालण्यापेक्षा गंजलेलं कुलूप बरं, असं त्यांचं मत होतं.

मग एक दिवस चिमी चष्मा घरी विसरून गेली. तो द्यायला वहिनी ड्रायव्हिंग स्कूलवर गेल्या, आणि पुढचा धडा घराच्याच दिशेने होता म्हणून मागच्या सीटवर बसल्या. चालवायला एक निवृत्त हेडमास्तर होते. प्रत्येक वळणाला ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचे आणि मग वळायचंच विसरायचे. चिमी एका हाताने दाराची मूठ घट्ट धरून होती, आवाज मात्र लोण्यासारखा. "छान. आता डावीकडे. छान. ते झाड आहे." मागून वहिनींना तिचा उजवा पाय दिसत होता. तो सबंध वेळात क्षणभरही टेकला नाही. घरापाशी उतरताना चिमी आधी एक पाय बाहेर काढून थांबली, मग कंबरेला हात लावून दुसरा काढला, आणि वहिनींचं लक्ष आहे असं वाटून उगाच रस्त्यावरच्या मांजरीला हाक मारली.

इतकी वर्षं एकाच घरात राहून हे आपल्याला कसं दिसलं नाही, या विचाराने वहिनींचं जेवणात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी एजंटबाईंना फोन केला. जहाज नको, वस्तीच्या बेटावर खोली द्या, आणि माझ्या नणंदेला एवढ्यात सांगू नका.

त्याच आठवड्यात वहिनींचं लॅबमधलं शेवटचं सामान आणायला चिमी गाडी घेऊन गेली. वहिनी आत सह्या करत होत्या, म्हणून ती त्यांच्या स्टुलावर टेकली. समोर भिंत. भिंतीवर डाव्या कोपराच्या उंचीला रंग घासून गेलेला. बाजूच्या खिडकीतून पलीकडच्या इमारतीचे पाइप दिसत होते, आणि पाइपांच्या मागे आणखी पाइप. चिमीची पाठ थोड्याच वेळात भरून आली. ती उठली, बाहेर पायऱ्यांवर आली आणि तिथूनच तिने फोन लावला. खोली राहू दे, जहाज करा. वहिनीला सांगू नका.

हे सगळं वहिनींना नंतर कळलं, दादांकडून. कारण एजंटबाईंनी शेवटी हात टेकले आणि दुकानात फोन केला. "जहाजवाल्या बाई मुक्काम मागताहेत, मुक्कामवाल्या जहाज मागताहेत, आणि दोघींनी मला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. मी बुकिंग करू तरी कशाचं?" दादा म्हणे इतके हसले की समोरच्या गिऱ्हाइकाची किल्ली चुकीची कापली गेली.

त्या दिवशी जेवताना ते पळाले नाहीत. पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "एजंटबाईंचा फोन होता. त्यांना मी जहाज सांगितलंय."

"तुम्ही?" वहिनी म्हणाल्या.

"मीच. तुमचे दोघींचे उद्योग कळले मला." दादांनी पाण्याचा घोट घेतला. "हे बघ चिमे. हिला या घरात येऊन एवढी वर्षं झाली. हिने स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागून मागून मागितला तर एक पक्षी. तेव्हा जहाजाने जा."

"मी तेच म्हणत होते," चिमी म्हणाली. टेबलाखाली तिचा पाय दाबला गेला होता. वहिनींना तो जाणवला, कारण तो त्यांच्या पायावर होता. त्यांनी उठून सगळ्यांच्या ताटात भाजी वाढली, नको म्हणणाऱ्यांच्याही.

जहाज पांढरं, छोटंसं होतं. खोलीत दोन पलंग आणि एक गोल खिडकी, तिच्यात निम्मा समुद्र आणि निम्मं आकाश. चिमी औषधांची जय्यत तयारी करून आली होती. पहिल्या दिवशी दर लाटेला तिचा पाय ब्रेक दाबायचा. जेवणाच्या टेबलाशी समोर बसलेल्या गृहस्थांनी दोनदा पाय आवरून घेतला. मग संध्याकाळी ती कप्तानाच्या खोलीत डोकावली. कप्तान जाडजूड, अबोल माणूस. त्याने मानेनेच शेजारची उंच खुर्ची दाखवली. चिमी बसली ती जेवणाची घंटा होईपर्यंत.

"वहिनी," खाली येऊन ती म्हणाली, आणि तिचा आवाज कधी नव्हे तो हळू होता, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी शेजारी बसले आणि चालवणाऱ्याला माझी गरज नव्हती."

त्यानंतर चिमीचा नूर पालटला. सकाळी ती सगळ्यांच्या आधी डेकवर. वारा खात उभी, केसांचं टोपलं झालेलं. डॉल्फिन दिसले की अख्ख्या जहाजाला उठवायची. पाय तर कधी थांबला हे तिचं तिलाही कळलं नाही.

वहिनींना बोट लागली नाही. पहिली सकाळ तर त्यांना इतकी आवडली की त्या गोल खिडकीशी नाक लावून बसल्या. झोपताना नव्हतं ते बेट समोर उभं होतं. पण मग किनाऱ्यावर उतरल्या आणि गाइडची शिट्टी सुरू झाली. गाइड माणूस भला होता, माहिती तोंडपाठ, पण दुसऱ्या जहाजाची मंडळी मागे ताटकळत असायची आणि त्याचा नाइलाज होता. "इकडे सरडे. फोटो झाले? चला मंडळी. इकडे खेकडे. चला." एका खडकावर निळ्या पायांचा पक्षी जोडीदारिणीला आपले पाय दाखवत होता. एक पाय उचलून त्याने झोकात दाखवला, ठेवला. आता दुसरा उचलणार, तेवढ्यात शिट्टी. वहिनी रांगेत चालू लागल्या, पण वळून वळून बघत राहिल्या. दुसरा पाय त्याने उचलला की नाही, आणि ती काय म्हणाली, हे त्यांना कळलंच नाही. दिवसभर ते मनात टोचत राहिलं.

रोज दोन बेटं, कधी तीन. परत आल्यावर चिमी विचारी, "कसं वाटलं?" आणि वहिनी म्हणत, "छान."

चिमी या "छान"ला ओळखून होती. नवी चप्पल चावत असली की वहिनी ती छान आहे म्हणत. पण चिमीनेही विषय काढला नाही. दादांनी हिच्यासाठी जहाज निवडलेलं, उद्यापरवा हिचा पक्षी दिसणार, तोवर कशाला.

चौथ्या दिवशी जहाज वस्तीच्या बेटाला लागलं. पाणी, भाज्या भरायच्या होत्या, म्हणून सगळ्यांना दुपारपर्यंत मोकळीक. धक्क्यालगत एक रस्ता, दोनचार दुकानं, आणि ओळीने बाक. एजंटबाई खोटं बोलल्या नव्हत्या. प्रत्येक बाकावर सील आडवे पडले होते, ओले, चकचकीत, सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपलेल्या काकांसारखे. चिमी टोपी घ्यायला दुकानात शिरली. वहिनींना एका बाकाचं टोक रिकामं मिळालं. त्या अंग चोरून बसल्या. शेजारच्या सीलने एक डोळा उघडला, त्यांच्याकडे पाहिलं आणि भलीमोठी जांभई दिली. वहिनी वाकून आत बघत्या झाल्या. टोकदार, एकसारखे दात, दाढा काळपट. आयुष्यात एवढं तोंड त्यांच्यासमोर कुणी आपणहून उघडलं नव्हतं.

मग त्यांना ते पिल्लू दिसलं. बाकाच्या पायाशी, तपकिरी, अंगापेक्षा डोळे मोठे. ते रडत होतं, करडासारखा आवाज काढून. रडत रडत ते एका सीलपाशी गेलं. तिने हुंगलं आणि फिस्कारून हाकललं. ते दुसरीकडे गेलं. तिनेही हाकललं. मग परत बाकाच्या पायाशी आलं, वहिनींच्या बुटाशी जरा टेकलं, आणि पाण्याकडे तोंड करून बसलं.

शिट्टी झाली तेव्हा चिमी नवी टोपी घालून धक्क्यावर उभी होती. "ऊठ वहिनी, होडी सुटतेय."

"याची आई अजून आली नाही."

चिमीने खाली पाहिलं. "येईल गं ती. चल, उद्या तुझा अल्बट्रॉस."

"तू जा," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे काय? कुठे जा?"

"मी इथे राहते. जहाज तीन दिवसांनी इथेच परत येणार आहे ना? मी असेन इथे."

चिमी मटकन बाकावर बसली. शेजारचा सील नाखुशीने सरकला. "दादाने तुझ्यासाठी जहाज निवडलं, वहिनी."

"हो. आणि मला ते आवडत नाहीये, चिमे. आता बोलून टाकते. मला वाटलं होतं की मला कुणीतरी न्यावं. पण नेतात आणि मी मागेच राहते. तो निळ्या पायांचा पक्षी अजून माझ्या डोळ्यांपुढे एकच पाय उचलून उभा आहे."

"मग मी पण थांबते. मला तरी कुठे आवडतंय."

"खोटं बोलू नकोस. काल तू झोपेत हसत होतीस."

एवढ्या मोठ्या बाईचा चेहरा पाटीवरचं चुकलेलं गणित पकडलं जावं तसा झाला. मग चिमी म्हणाली, "पण तो पक्षी तुझा आहे. तू इतकी वर्षं..."

"तू थांबलीस तर दोघींपैकी कुणालाच दिसणार नाही. तू जा. बघ आणि येऊन मला सांग. नीट सांग मात्र. 'मोठा होता, पांढरा होता' एवढ्यावर भागवलंस तर बोलणार नाही तुझ्याशी."

गाइडने शिट्टी खिशात घातली, जहाजावरून वहिनींची बॅग मागवली आणि धक्क्यामागे खोल्या भाड्याने देणाऱ्या आजींकडे वहिनींना स्वतः सोडून आला. होडी निघाली. चिमी उभीच होती, आणि पाण्यावरून तिचा आवाज येत राहिला. "दार आतून लाव. गोळ्या निळ्या डबीत आहेत. वर डोंगरात एकटी जाऊ नकोस." धक्क्यावरच्या लोकांनी माना वळवल्या. वहिनींनी हात हलवला. होडी जहाजाला लागली तरी त्या हलवतच राहिल्या.

लग्नानंतर चिमी सासरी गेली होती तो काळ सोडला तर दोघी कधी एवढ्या लांब राहिल्या नव्हत्या. आजींची खोली स्वच्छ होती, पांढरी चादर, खिडकीत बरोब्बर तोच बाक. पण संध्याकाळी दोन कप चहा ओतला गेला, तेव्हा वहिनींना स्वतःचंच हसू आलं, आणि मग हसू ओसरलं. पिल्लू अंधार पडेपर्यंत रडत होतं.

"आया लांब जातात मासळीला," आजी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. बोलताना त्यांची खालची कवळी टकटक वाजत होती. "कधी एका दिवसात येते, कधी तीन. पोरं थांबतात."

"आणि नाही आली तर?"

आजींनी खांदे उडवले. वहिनींना रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी उठून त्या आधी खिडकीत गेल्या. पिल्लू तिथेच होतं, एकटंच.

दिवसभर त्या बाकावर बसल्या. कुणी शिट्टी वाजवली नाही. हळूहळू त्यांना सील ओळखू यायला लागले. हा मिशीत जखम असलेला, सगळ्यांशी भांडणारा. ही आळशी, जागा मिळाली की उन्हाबरोबर सरकणारी. दुपारी त्यांना राहवलं नाही. त्यांनी आजींची कवळी मागून घेतली आणि नखं घासायच्या कानशीने एक कड हळूहळू घासली. लावून बघा म्हणाल्या, परत काढा म्हणाल्या, पुन्हा घासली. संध्याकाळी आजींनी आख्खं जेवण न टकटकता केलं आणि वहिनींना माशाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला.

दुसऱ्या दिवशी आजींच्या भाच्याने त्यांना आपल्या टेम्पोतून डोंगरावर नेलं. ओल्या गवतात कासवं होती, एकेक बैलगाडीच्या चाकाएवढं. वहिनी एकासमोर दगडावर बसल्या. ते एक पान खात होतं. मान लांब करून चावा घेई, थांबे, विचार करत असल्यासारखं चघळे. दात एकही नाही, नुसत्या चोचीसारख्या जबड्यावर काम, आणि तरी घाई म्हणून नाही. अख्खी सकाळ त्या एका झुडपापाशी गेली. भाचा टेम्पोत झोपून गेला. उठून जाताना वहिनींना त्या पानाचं काय झालं हे शेवटपर्यंत माहीत होतं, आणि त्यांना इतकं समाधान वाटलं की परतीच्या वाटेवर त्या टेम्पोत गुणगुणत होत्या.

धक्क्यावर आल्या तर पाण्यातून एक हाक आली. जाड, घोगरी. बाकांवरचं कुणी हललं नाही. पिल्लाने मात्र मान ताठ केली. ते ओरडलं. पाण्यातून पुन्हा हाक आली. मग ते धडपडत, पोटावर आपटत उतारावरून खाली गेलं आणि पाण्यातून वर आलेल्या सीलच्या तोंडाला तोंड लावून उभं राहिलं. तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग वाळूवर आडवी झाली, आणि ते प्यायला लागलं.

"चिमे, बघ," वहिनी डावीकडे वळून म्हणाल्या. डावीकडे कुणीच नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मग शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसालाच सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. त्याला त्यांची भाषा येत नव्हती, पण त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जहाज आलं. वहिनी सकाळपासून धक्क्यावर होत्या. चिमीच्या नाकाची सालं निघालेली, आवाज बसलेला. ती होडीतून उतरली, आपली बॅग खाली ठेवली आणि पहिलं काय म्हणाली तर, "आली का त्याची आई?"

"आली. काल. तू सांग."

"मोठा होता," चिमी म्हणाली. "पांढरा होता."

"चिमे."

"सांगते, सांगते." चिमीने दम घेतला. "आधी तो उतरतो. उतरणं त्याला जमत नाही, वहिनी. माझा एकही शिकाऊ इतका वाईट गाडी लावत नाही. तोंडावर पडतो, उठतो, आणि काही झालंच नाही असं दाखवतो. मग तो चालत जातो, असा, डोकं डावीउजवीकडे टाकत. ती बसलेली असते. तो जवळ जाऊन उभा राहतो. ती लगेच उठत नाही हं. आधी नीट बघते, की खरंच हाच आहे ना."

"मग?"

"मग नाचतात. थांब, एकटीने नाही होत. तू समोर उभी राहा."

"इथे?"

"इथेच. आधी मान खाली. तूही. आता वर, पार आकाशाकडे. आता चोची." चिमीने दोन्ही पंजे जोडून तोंडापुढे धरले. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं, मग त्यांनीही धरले. "आता टकटक. जोरात. तलवारी भिडल्यासारखं. आता थांबायचं, आणि मी काखेत तोंड खुपसते."

"ते कशाला?"

"मला काय माहीत? ते करतात. सारखं करतात, दोघंही, कंटाळत नाहीत. आणि वहिनी, गाइडने शिट्टी काढली ना, मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, माझ्या वहिनीला शेवटपर्यंत सांगायचंय."

दोन बायका धक्क्यावर माना वरखाली करत, पंजे पंजांवर आपटत नाचत होत्या. खोल्यावाल्या आजी दारात येऊन हसत होत्या, न टकटकता. वहिनींचा श्वास फुलला, त्या बाकावर बसल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली.

संध्याकाळी जहाज पुढे जाणार होतं. चिमीने आपल्या बॅगेकडे पाहिलं, मग जहाजाकडे.

"कप्तान म्हणाला, पुढे देवमासे दिसतील," ती म्हणाली.

"मग जा की. परतीच्या विमानाला आपण भेटूच."

"तुला वाईट वाटेल."

"वाटेल," वहिनी म्हणाल्या. "जा."

चिमी जरा वेळ बसली. मग उठली, गेली, आणि होडीवाल्याशी काहीतरी बोलून परत आली. "उद्या सकाळी इथूनच एक होडी जाते देवमासे बघायला. दुपारी परत. तू ये किंवा नको येऊ, मी जाऊन येईन आणि जेवायच्या वेळेला सांगेन." तिने बॅग खांद्याला लावली. "खोलीत दुसरा पलंग आहे ना?"

आजींच्या फोनवरून त्यांनी दुकानात फोन लावला. मागे किल्ली कापायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"काय मग," दादा म्हणाले, "माझा निकाल बरोबर होता ना? इथे एजंटबाई रोज विचारतात, त्यांना दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचंय. जहाज की मुक्काम?"

"जहाज," चिमी म्हणाली.

"मुक्काम," वहिनी म्हणाल्या, त्याच वेळी.

यंत्र थांबलं. दादांनी उसासा टाकल्याचं दोघींना ऐकू आलं. "एकदम बोलू नका. एकेकीने सांगा."

चिमीने फोन वहिनींच्या हातात दिला. "तू आधी सांग," ती म्हणाली, आणि बूट काढून पलंगावर पसरली. "तुझं लांबेल."